रक्तात कॅल्शियम कमी आणि पायांत जोर नाही: संबंध कितपत?

पाठकणा (प्रश्न)

फिजिओथेरपीसाठी पाठवलेल्या ५२ वर्षांच्या एका बाईंचे कागद समोर आहेत. चिठ्ठीवर एकच ओळ: ‘कॅल्शियम कमी, त्यामुळे स्नायू अशक्त, पायांचे व्यायाम द्या.’ तीन-चार महिन्यांपासून खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो, चालताना अंग दोन्हीकडे डोलतं. खुब्याच्या आणि मांडीच्या स्नायूंची ताकद पाचपैकी चार, घोट्याची आणि पंजाची पूर्ण. ओठांभोवती अधूनमधून मुंग्या येतात, रात्री कधीतरी पोटरीत गोळा येतो. हात वाकडे होणं किंवा झटका येणं असं काही नाही.

रिपोर्ट (सगळे डेसीलिटरमागे): एकूण कॅल्शियम ७.४ मिग्रॅ, अल्ब्युमिन ३.२ ग्रॅम, फॉस्फरस २.४ मिग्रॅ, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ०.८ मिग्रॅ. शिवाय पोटॅशियम ३.४, अल्कलाईन फॉस्फटेज (हाडांच्या बिघाडात चढणारं) २६८, सीपीके (स्नायूंना इजा झाली की चढणारं) ९६. व्हिटॅमिन डी, पीटीएच (मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं, कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), मॅग्नेशियम केलेलंच नाही.

औषधं: थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, पँटोप्राझोल (पोटातलं आम्ल रोखणारं) ४० मिग्रॅ गेली तीन वर्षं रोज, आणि कॅल्शियम कार्बोनेटची एक गोळी. तिन्ही सकाळी उपाशीपोटी, एकदमच.

७.४ कॅल्शियमने एवढी ताकद जाते का? आणि ते भरून येईपर्यंत व्यायाम थांबवायचा की चालू ठेवायचा?

आयन

आधी ७.४ खरंच ७.४ आहे का ते बघू. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन घसरलं की एकूण आकडाही घसरतो, पण कामाचं मोकळं कॅल्शियम तेवढंच राहू शकतं. ढोबळ हिशोब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उरलेल्याला ०.८ ने गुणा आणि एकूण कॅल्शियममध्ये मिळवा. इथे ४ वजा ३.२ म्हणजे ०.८, त्याला ०.८ ने गुणलं की ०.६४. म्हणजे दुरुस्त कॅल्शियम साधारण ८.०. खालची मर्यादा ८.५ धरली तर कमी आहे, पण ७.४ वाचून वाटतं तेवढं नाही. नेमकं हवं असेल तर आयनाइज्ड, म्हणजे हेच मोकळं कॅल्शियम मोजून घ्या, कारण हे सूत्र आजारी माणसांत बऱ्याचदा चुकतं.

आता मूळ मुद्दा. ‘स्नायूला आकुंचनासाठी कॅल्शियम लागतं, रक्तात ते कमी, म्हणून स्नायू दुबळा’ हे ऐकायला बरोबर वाटतं आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. हातापायांचा स्नायू प्रत्येक आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम रक्तातून उचलत नाही. ते त्याच्या पेशीतल्या जाळीदार पिशव्यांत साठवलेलं असतं, तिथून सुटतं आणि तिथेच परत जातं. हृदयाचं तसं नाही. १८८३ मध्ये सिडनी रिंगरने बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं की भोवतालच्या द्रावणात कॅल्शियम नसेल तर ते धडधडणं थांबवतं. तो धडा हृदयाचा आहे, मांडीच्या स्नायूला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

रक्तातलं कॅल्शियम उतरलं की आधी बिघडते ती नस. नसेच्या पडद्यावर बाहेरून बसलेलं कॅल्शियम सोडियमच्या दारांना आवरून धरतं. ते कमी झालं की दारं किरकोळ निमित्ताने उघडतात आणि नस आपोआप ठिणग्या टाकायला लागते. म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, पोटरीत गोळे, मग मनगट आतल्या बाजूला वळणं, आणि फार उतरलं तर स्वरयंत्र आवळणं किंवा झटका. ही सगळी अतिउत्तेजनाची लक्षणं आहेत, ताकद जाण्याची नाहीत.

आपल्याकडे ‘अशक्तपणा’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना चालतो: दमणूक, पाय भरून येणं, आणि जोर लावूनही स्नायू न उचलणं. तुम्ही तपासून पाचपैकी चार दिलेत, म्हणजे हा तिसरा प्रकार, खराखुरा. आणि तो खुब्यापाशी आहे, पंजापाशी नाही. कॅल्शियम थोडं कमी, फॉस्फरस कमीकडे, अल्कलाईन फॉस्फटेज चढलेलं, डोलती चाल. हे चित्र व्हिटॅमिन डीच्या जुन्या, खोल कमतरतेचं, हाडं मऊ पडण्याचं आहे. कॅल्शियम तिथे साक्षीदार आहे, आरोपी दुसरा. या प्रकारात सीपीके बहुतेक वेळा नॉर्मल असतं, ते इथे आहेच.

पोटॅशियम ३.४ आणि तीन वर्षांचं पँटोप्राझोल एकत्र वाचलं की मॅग्नेशियमची शंका येते. डी, पीटीएच, मॅग्नेशियम एकाच नमुन्यात करून घ्या. कॅल्शियमच्या जास्त गोळ्या सुरू होण्याआधी घेतलात तर उत्तम, कारण कॅल्शियम चढलं की पीटीएच उतरतं आणि वाचन अवघड होतं.

उलटा_विचार

आयन यांचं बहुतेक पटलं, पण कॅल्शियमला पूर्ण निर्दोष सोडू नका. पॅराथायरॉइड ग्रंथी वर्षानुवर्षं बंद पडलेल्यांमध्ये निव्वळ कमी कॅल्शियमनेही स्नायूचा आजार होतो, खुब्याखांद्याची ताकद जाते आणि सीपीके कित्येक पट चढतं. क्वचितच, पण होतं. सीपीके चढलेलं पाहून त्याला स्नायुदाह समजून स्टिरॉइड सुरू केलं जातं, आणि कॅल्शियम मोजलेलंच नसतं. हृदयाचं पंपिंगही अशा माणसांत पडू शकतं आणि कॅल्शियम भरल्यावर सुधारतं.

इथे सीपीके ९६ आहे, त्यामुळे ही शक्यता मागे जाते. तरी मानेवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का, एवढं बघा. बाई थायरॉक्सिन घेतात. थायरॉइड काढलं असेल तर पॅराथायरॉइडचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आणखी एक. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर थायरॉक्सिन आतड्यात अडकून पडतं. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की चढणारं संप्रेरक) चढलेलं असेल तर तो थायरॉइडचा तुटवडासुद्धा खुब्याची ताकद कमी करतो, फक्त तिथे सीपीके सहसा चढतं. टाचेमागच्या कंडरेवर हातोडी मारून पाऊल परत यायला वेळ लागतो का बघा. तुमच्या हातातली तपासणी आहे.

चाचणीनळी

नमुना घेण्याबद्दल थोडं, कारण कॅल्शियमचा रिपोर्ट अनेकदा सुई टोचतानाच बिघडतो.

दंडाला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवला की पाणी बाहेर झिरपतं, अल्ब्युमिन दाटतं आणि एकूण कॅल्शियम खोटं वाढतं. खरं कमी असलेलं त्यात झाकलं जातं. मूठ उघडमीट करायला लावू नये, त्याने पोटॅशियमही फसवं चढतं.

उलटी चूक जांभळ्या टोपीच्या नळीची. तिच्यात ईडीटीएचं पोटॅशियम मीठ असतं, ते कॅल्शियम पकडून ठेवतं. आधी जांभळी भरून मग लाल किंवा पिवळी भरली, किंवा कोणी जांभळीतलं रक्त दुसरीत ओतलं, तर कॅल्शियम भयानक कमी, पोटॅशियम भयानक जास्त आणि अल्कलाईन फॉस्फटेज कमी असं त्रिकूट दिसतं. माणूस शांत बसलेला आणि कागदावर कॅल्शियम ३, पोटॅशियम ९ असेल तर आधी नळीवर संशय घ्या. इथे पोटॅशियम कमी आणि फॉस्फटेज जास्त आहे, म्हणजे ही भेसळ नाही.

आयनाइज्डसाठी समतोल हेपरिनची (रक्त गोठू न देणारी, पण कॅल्शियमचा आकडा न बिघडवणारी) सिरिंज, हवेचा बुडबुडा न ठेवता, लगेच मशीनवर. हवा लागली की कार्बन डायऑक्साइड उडतो, नमुना अल्कलीकडे सरकतो आणि मोकळं कॅल्शियम कमी दिसतं. माणूस घाबरून भराभर श्वास घेत असेल तर हेच त्याच्या शरीरात घडतं: एकूण आकडा नॉर्मल, पण बोटांना मुंग्या आणि हात वाकडे. नॉर्मल साधारण १.१२ ते १.३२ मिलीमोल प्रतिलिटर.

पीटीएच वाचताना रिपोर्टवरच्या ‘नॉर्मल’ मर्यादेवर विसंबू नका. कॅल्शियम कमी असेल तर पीटीएच चढलेलंच हवं. मर्यादेच्या आत बसलं तर तेच बिघाडाचं लक्षण. केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर पीटीएच खोटं कमी येतं, त्या दोन-तीन दिवस आधी थांबवायला सांगा.

दोन_तासांचं_अंतर

औषधांच्या वेळापत्रकाकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहितो. या बाई रोज कॅल्शियम घेतात आणि त्यातलं फारसं काही अंगी लागत नाही.

कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पँटोप्राझोल आम्ल बंद करतं, आणि वर गोळी उपाशीपोटी, म्हणजे जेवणाने सुटणारं आम्लही नाही. अशा माणसाला कॅल्शियम सायट्रेट द्यायचं, त्याला आम्लाची गरज नाही आणि जेवणाशी बांधीलकीही नाही. कार्बोनेटच ठेवायचं असेल तर जेवणासोबत.

गोळीवरचा आकडा नीट वाचा. कार्बोनेटमध्ये ४० टक्के प्रत्यक्ष कॅल्शियम असतं: १२५० मिग्रॅची गोळी म्हणजे ५०० मिग्रॅ. सायट्रेटमध्ये २१ टक्के: १००० मिग्रॅची गोळी म्हणजे जेमतेम २१०. कार्बोनेटवरून सायट्रेटवर नेताना ‘एकाला एक’ बदललं तर डोस नकळत निम्म्याखाली येतो. ही चूक चिठ्ठ्यांमध्ये सर्रास दिसते. आणि आतडं एका वेळी ५०० मिग्रॅच्या पुढे नीट ओढत नाही, त्यामुळे दिवसाचे १०००–१५०० द्यायचे तर दोन-तीन भागांत.

थायरॉक्सिन सकाळी पाण्याबरोबर एकटं. त्यानंतर चार तास कॅल्शियम नको. लोहाची गोळी, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांच्याशीही कॅल्शियम चिकटतं, तिथे अंतर ठेवा. अंतर पाळायला लागल्यावर थायरॉक्सिन जास्त शोषलं जाईल, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा. डोस पूर्वी ‘कमी पडतो’ म्हणून वाढवला असेल तर तो आता जास्त होऊ शकतो.

पाठकणा

त्यांच्या डॉक्टरांना कळवलं, तपासण्या झाल्या. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ६ नॅनोग्रॅम प्रति मिली. पीटीएच ६१, कागदावर मर्यादा १५ ते ६५. मॅग्नेशियम १.०, मर्यादा १.७ ते २.२. आयनाइज्ड कॅल्शियम ०.९८. टीएसएच ७.८. मानेवर व्रण नाही. ईसीजी करायला सांगितलाय.

पीटीएचसमोर तारा (मर्यादेबाहेरची खूण) नाही, म्हणून ‘पॅराथायरॉइड ठीक’ असा शेरा आलाय. चाचणीनळी यांचं वाचल्यावर तो शेरा खटकतोय.

आयन

खटकायलाच हवा. डी ६ आणि आयनाइज्ड ०.९८ असताना पीटीएच शंभराच्या वर बराच असायला हवा होता. ६१ म्हणजे ग्रंथी झोपलेली आहे, आणि तिला झोपवलंय मॅग्नेशियमने. मॅग्नेशियम एवढं खाली गेलं की ग्रंथीतून पीटीएच सुटत नाही, आणि जे सुटतं त्याला हाड दाद देत नाही. शिवाय मूत्रपिंडातून पोटॅशियम गळत राहतं, तो ३.४ चा खुलासा. पोटॅशियमच्या गोळ्या देत राहिलात तरी मॅग्नेशियम भरेपर्यंत ते टिकणार नाही. कॅल्शियमचंही तसंच, भोकाच्या बादलीत पाणी.

म्हणून क्रम महत्त्वाचा: मॅग्नेशियम आधी, निदान कॅल्शियमच्या बरोबरीने. आकडा १.० आणि लक्षणं आहेत, तर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं की नाही हे डॉक्टर ईसीजी पाहून ठरवतील. एक ग्रॅम सल्फेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम जवळपास ९८ मिग्रॅच असतं, आणि शिरेतून झरकन दिलेलं बरंचसं लघवीतून निघून जातं. म्हणून पहिला डोस झाल्यावर उरलेलं तासन्‌तास सावकाश सोडतात. क्रिएटिनिन ०.८ आहे म्हणून ठीक, ते चढलेलं असतं तर डोस निम्मा करावा लागला असता. तोंडाने द्यायचं तर थोडं थोडं विभागून, एकदम दिलं की जुलाब लागतात आणि त्यातून आणखी मॅग्नेशियम जातं.

एक गंमत बघायला मिळेल. शिरेतून मॅग्नेशियम दिल्यावर पीटीएच काही मिनिटांत उसळतं, पण कॅल्शियम चढायला काही दिवस लागतात, कारण हाडाची बधिरता उतरायला वेळ जातो. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम तेवढंच दिसलं म्हणून उपचार बदलायची घाई करू नये.

व्हिटॅमिन डी: रूढ पद्धत आठवड्याला ५०,००० किंवा ६०,००० युनिट, आठ आठवडे, जेवणासोबत, मग रोजचा १५००–२००० चा डोस. सोबत कॅल्शियम लागतंच. डी मिळाल्यावर हाड खनिजं ओढायला लागतं, तेव्हा कॅल्शियम नसेल तर रक्तातलं आणखी खाली येऊ शकतं. या घडीला कोणी ‘हाडं ठिसूळ’ म्हणून झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुचवलं तर थांबवा. कॅल्शियम, डी भरल्याशिवाय ती औषधं दिली तर हाडातून रक्ताकडे येणारी वाट बंद होते आणि कॅल्शियम धाडकन कोसळतं.

डी ६ वर का आलं हाही प्रश्न उरतोच. जुनाट जुलाब, वजन घटणं असेल तर सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याच्या आजाराची) रक्ततपासणी. त्यात मॅग्नेशियमही गळतं.

दोन_तासांचं_अंतर

मॅग्नेशियम १.० म्हटल्यावर पँटोप्राझोलचा विषय टाळता येणार नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या गटातल्या औषधांबद्दल हाच इशारा दिला होता: बहुतेक प्रकरणं वर्षाहून जास्त वापरानंतरची, आणि सुमारे चौथ्या हिश्शात मॅग्नेशियमच्या गोळ्या देऊनही पातळी वर आली नाही, औषध बंद करावं लागलं. ते मुळात कशासाठी सुरू झालं होतं ते डॉक्टरांना विचारायला सांगा. अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर परस्पर बंद करू नये. नुसत्या जळजळीसाठी असेल तर फॅमोटिडिनवर (आम्ल कमी करणारं दुसऱ्या गटातलं औषध) नेता येतं. एकदम थांबवलं की दोन-तीन आठवडे आम्ल उसळतं, त्याला ‘गोळीवाचून चालत नाही’ असं समजून लोक परत सुरू करतात.

उलटा_विचार

ईसीजी नुसता ‘नॉर्मल’ म्हणून येऊ देऊ नका, क्यूटीसीचा (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा मागा. कमी कॅल्शियममध्ये आलेखातला एसटी हा सपाट भाग लांबतो आणि क्यूटीसी वाढतो. तो ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर घरी गोळ्या खाण्याचं प्रकरण उरत नाही. तोवर अझिथ्रोमायसिन, ओंडान्सेट्रॉन यांसारखी क्यूटी लांबवणारी औषधं टाळलेली बरी.

बाईंना आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा: हात वाकडे होऊन सुटत नाहीत, आवाज बसून श्वास घेताना घर्र आवाज येतो, झटका, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर थेट इस्पितळ. तिथे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या १०–२० मिली डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून १० ते २० मिनिटांत, मॉनिटर लावून देतात. १० मिलीत प्रत्यक्ष कॅल्शियम जेमतेम ९३ मिग्रॅ असतं आणि परिणाम दोन-तीन तासच टिकतो, त्यामुळे एक इंजेक्शन घेऊन बरं वाटलं म्हणून घरी परतायचं नसतं. त्याच नळीतून बायकार्बोनेट, फॉस्फेट किंवा सेफ्ट्रिॲक्सोन नको, गाळ बसतो.

आयन

व्यायामाचं उत्तर राहिलंच. थांबवू नका, पण वजन घेऊन खोल बैठका, उड्या, पायऱ्यांवरून उतरण्याचा सराव सध्या नको. हाडं मऊ असताना खुब्याच्या मानेला किंवा जांघेच्या हाडाला अर्धवट तडे जातात आणि ते दुखणं स्नायूचं म्हणून खपून जातं. बोटाने नडगीवर आणि बरगड्यांवर दाबून बघा. हाड दाबल्यावर दुखलं, किंवा एका पायावर भार देताना जांघेत कळ आली, तर आधी श्रोणीचा (कंबरेखालच्या हाडांच्या कड्याचा) एक्स-रे. भराभर श्वास घ्यायला लावणारे व्यायामही आयनाइज्ड वर येईपर्यंत बाजूला ठेवा, कारण चाचणीनळी यांनी सांगितलंच आहे.

सुधारणा मोजायला पाचपैकी चार हा आकडा भोंगळ आहे. हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठण्याला किती सेकंद लागतात ते नोंदवा. आज हाताशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि ती उंचीही लिहून ठेवा. मुंग्या मॅग्नेशियम-कॅल्शियम सुधारल्यावर काही दिवसांत जातील. खुब्याचा जोर मात्र कित्येक आठवडे, कधी काही महिने घेतो. अल्कलाईन फॉस्फटेज सुरुवातीला आणखी चढू शकतं, हाड भरायला लागल्याची ती खूण आहे, घाबरू नका. तीन महिन्यांनी डी ३० च्या आसपास, मॅग्नेशियम नॉर्मल, आणि तरीही उशी काढता येत नसेल तर नसांची आणि स्नायूंची विद्युत तपासणी करायला पाठवा.

पाठकणा

आज मोजलं. ४५ सेंमीच्या खुर्चीवरून हाताशिवाय एकदाही नाही. १० सेंमीची उशी ठेवून पाच वेळा, २३ सेकंद. नडगी दाबल्यावर दोन्हीकडे दुखते, जांघेत नाही. एक्स-रे सुचवतोय. थायरॉक्सिन सकाळी सहाला एकटं, कॅल्शियम दुपारी आणि रात्री जेवताना, असं मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. कार्बोनेटचं सायट्रेट करायचं का आणि पँटोप्राझोलचं काय, ते डॉक्टरांना चिठ्ठीत विचारलंय.

चाचणीनळी

पुढचा नमुना मॅग्नेशियमच्या शेवटच्या सलाईननंतर लगेच घेऊ देऊ नका, फसवा चांगला येतो. निदान २४ तास जाऊ द्या. आणि पट्टा न आवळता.